लाल कंधारी कशाच्या बळावर वाचणार?



पोळ्याच्या आधीच्या बाजारातली गोष्ट सांगतो. साल २०२५, महिना ऑगस्ट. कळमनुरी तालुक्यातला एक शेतकरी आठवडी बाजारात बैल घेऊन उभा होता. जातीचा लाल कंधारी, जुळून सात-आठ वर्षे उलटलेली, पुढचा एक पाय धरलेला. सकाळी टेम्पोतून उतरवलेला बैल दुपारी त्याच टेम्पोत चढवून त्याने परत नेला. भाव पटला नाही म्हणून नव्हे. भाव करायलाच कुणी आले नाही. त्या जुलै-ऑगस्टमध्ये कुरेशी समाजाच्या व्यापाऱ्यांनी राज्यभर जनावरांची खरेदी बंद ठेवली होती. रस्त्यात गाड्या अडवतात, मारहाण होते, कागदपत्रे असली तरी जनावर परत हाती लागत नाही, असे त्यांचे गाऱ्हाणे होते. व्यापारी बाजारात आला नाही, आणि त्या दिवशी पुष्कळांना पहिल्यांदाच कळले की आपला बैल शेवटी कोण घेत होता.

मी त्याला विचारले, आता पुढे काय?

"काय करतो भाऊ, घरी नेतो. पोळ्याला रंगवतो, पोळी चारतो. पुढं त्याचं नशीब अन् माझं." टेम्पोचे फाळके लावता लावता तो आणखी एक वाक्य बोलला. "गाईला गोऱ्हा झाला की आता पोटात गोळा येतो."

या एका वाक्यासाठी या अंकाचा अग्रलेख लिहीत आहे.

गाईला गोऱ्हा झाला की ज्या घरात गूळ वाटत, त्या घरात आज पोटात गोळा का येतो? लाल कंधारी ही आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यातल्या कंधारची जात. तिथल्या सोमदेवराय राजाने चौथ्या शतकात ती जोपासली अशी आख्यायिका आहे. जुनी माणसे तिला लाखलबुंदा म्हणत. गडद लाल रंग, मध्यम बांधा, उन्हाला आणि उपाशीपणाला दबत नाही असे जनावर. दुधाचे म्हणाल तर एका वेताला सरासरी सहाशे लिटरच्या आसपास. चांगली संकरित गाय तेवढे दूध दोन महिन्यांत देते. म्हणजे ही गाय आपल्या बापजाद्यांनी दुधासाठी दावणीला बांधलीच नव्हती. ती बांधली गोऱ्ह्यासाठी. काळ्या रानात औत ओढणारा, ज्वारीच्या कडब्यावर राहणारा, माणसाइतकाच कष्टाचा बैल तिच्या पोटी येई म्हणून. लातूरकडची देवणी, तिच्यातले वानेरा, बालंक्या आणि शेवरा, दुधाला थोडी बरी. पण तिचीही खरी किंमत तिच्या बैलानेच ठरत आली. माळेगावच्या यात्रेत किंवा हाळी-हंडरगुळीच्या बाजारात जाऊन पाहा, गर्दी कुणाभोवती असते ते.

परभणीच्या कृषी विद्यापीठात आम्ही शिकलो. होलस्टीन आणि देवणीचा संकर करून 'होलदेव' तयार करण्याचे काम तिथे झालेले. दुधाचे तक्ते आम्ही पाठ केले, वैरणीतल्या प्रथिनांचे टक्के पाठ केले. पण बैल म्हातारा झाल्यावर त्याचे काय होते आणि त्याच्या पैशातून पुढचे खोंड कसे येते, हा धडा एकाही पुस्तकात नव्हता. तो धडा वडिलांच्या हिशेबाच्या वहीत होता. ते दर सात-आठ वर्षांनी जोडी बदलत. उतरलेल्या जोडीचे जे येई त्यात थोडी भर घालून चौसा गोऱ्हा घेत. त्याला दोन वर्षे औताला लावून, शिकवून, पुन्हा जास्त भावाने विकत. यात बँकेचे कर्ज नव्हते की सरकारचे अनुदान नव्हते. म्हातारा बैल हेच कर्ज आणि तेच भांडवल.

या धंद्याची पहिली कमाई बैलाच्या कामाची. ती ट्रॅक्टरने नेली. त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. उन्हातान्हात वखरामागे चालून ज्याचे पाय झिजले त्याने ट्रॅक्टरला नाव ठेवू नये. दुसरी कमाई दुधाची. ती म्हशीने आणि संकरित गाईने नेली. राहिली तिसरी, म्हणजे कामातून उतरलेल्या जनावराची शेवटची किंमत. ती ट्रॅक्टरने नेली नाही, दुसऱ्या कुठल्या गाईनेही नेली नाही. ती सरकारने नेली, आणि मोबदल्यात एक दमडी दिली नाही.

कायद्याचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण बाजारात त्याबद्दल भलतेसलते बोलले जाते. महाराष्ट्रात गोहत्याबंदी १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्यापासून आहे. त्या कायद्यात गाय आणि तिचे वासरू यांच्या कत्तलीला बंदी होती. बैल आणि वळू यांना मात्र, ते शेतीच्या किंवा पैदाशीच्या उपयोगाचे राहिले नाहीत असा दाखला मिळाल्यावर, परवानगी होती. १९९५ साली युतीच्या सरकारने बैल-वळूंनाही बंदी घालणारी दुरुस्ती मंजूर केली. ती वीस वर्षे दिल्लीत पडून होती. २०१५ च्या मार्चमध्ये ती लागू झाली. तेव्हापासून बैल कापणेच नव्हे, कापण्यासाठी विकणे आणि नेणेही गुन्हा आहे. पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये बंदी कायम ठेवली. दुसऱ्या राज्यातून आणलेले मांस बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम, आणि आपण निर्दोष आहोत हे आरोपीनेच सिद्ध करावे असे सांगणारे कलम, ही दोन तेवढी रद्द केली.

गंमत अशी की सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली नेमके उलटे सांगितले होते. कामातून गेलेल्या बैलांच्या कत्तलीला सरसकट बंदी वाजवी नाही, आणि असे जनावर पोसल्याने कामाच्या जनावरांची वैरण तुटते, असा तो निवाडा. २००५ साली सात न्यायमूर्तींच्या पीठाने तो फिरवला. जनावर म्हातारे झाले तरी शेण आणि मूत्र देते, म्हणून ते निरुपयोगी नाही, असा एक मुख्य मुद्दा त्यात आहे.

शेणाचा हिशेब मी शिकलेला आहे, म्हणून मांडतो. चारशे किलोच्या बैलाला रोज आठ-दहा किलो सुकी वैरण लागते. त्याचे दिवसाचे शेण धरा दहा किलो. वर्षाचे साडेतीन टन ओले शेण, त्याचे कुजून होते दीड-दोन टन खत. एक ट्रॉलीसुद्धा भरत नाही. शेणखताला मी कमी लेखत नाही. जमिनीतला सेंद्रिय कर्ब युरियाने येत नाही, हे सांगत मी गावोगाव फिरलो आहे. पण त्या अर्ध्या-पाऊण ट्रॉलीसाठी वर्षभराची वैरण घालायची तर ते खत सोन्याच्या भावाने पडते. आणि हे शेण कामाचा बैलही देतो, दुभती गायही देते, पोटापुरते कमावून देते.

वैरणीचा खर्च किती, हे मी सांगायला नको. सरकारनेच सांगितले आहे. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य सरकारने देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' म्हणून जाहीर केले आणि गोशाळांतल्या देशी गाईंसाठी दर गाईमागे रोज ५० रुपये अनुदान मंजूर केले. म्हणजे वर्षाला १८,२५० रुपये. म्हणजे सरकारच्याच हिशेबाने, कामातून उतरलेला बैल पुढे सहा वर्षे जगला तर एक लाख साडेनऊ हजार रुपये. गोशाळेने पोसले तर सरकार पैसे देते. तेच जनावर शेतकऱ्याने पोसले तर? त्याने पोसलेच पाहिजे, विकले तर कैद. गाय राज्यमाता, मग तिच्या म्हाताऱ्या लेकाला सांभाळण्याचा खर्च राज्याने का करू नये? तो एकट्या कोरडवाहूवाल्याच्या माथी का?

त्यात आपल्या भागात कडबाच उरलेला नाही. ज्वारीच्या रानात दाणे घरात येत आणि कडब्याची गंजी बांधावर उभी राही. ज्वारी गेली, सोयाबीन आले. त्याचे भुसकट जनावर नाइलाजाने खाते. हळदीच्या पाल्याला तर तोंडच लावत नाही. वसमत-हिंगोलीची हळद देशभर जाते ही अभिमानाची गोष्ट आहे, पण हळदीच्या मळ्यात बैल पोसला जात नाही. गायराने कुठे आणि किती उरली ते ज्याच्या त्याच्या गावाला ठाऊक आहे.

आता गणनेचे आकडे पाहा. २०१२ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात गाई-बैल मिळून सुमारे १ कोटी ५५ लाख होते. २०१९ मध्ये ते १ कोटी ४० लाखांवर आले, दहा टक्के घट. त्याच सात वर्षांत म्हशी ५६ लाखांच्या आसपास होत्या तेवढ्याच राहिल्या. म्हैस म्हातारी झाली तर दाखला घेऊन विकता येते. देशातून दर वर्षी तीनशे कोटी डॉलरहून अधिक किमतीचे म्हशीचे मांस बाहेर जाते. देशाचा आकडा तर बोलका आहे. २०१९ साली १९ कोटी २५ लाख गोवंशात माद्या १४ कोटी ५१ लाख, नर पावणेपाच कोटीसुद्धा नाहीत. सात वर्षांत नर तीस टक्क्यांनी घटले. गाय तर नर आणि मादी सारखीच जन्माला घालते. मग गोऱ्हे गेले कुठे? हा प्रश्न कुठल्याही गोभक्ताने आपल्याच गावात विचारावा. काही दूध तोडून उपाशी मेले, काही रात्री लांबच्या रानात सोडले गेले. ते दुसऱ्याच्या हरभऱ्यात शिरले आणि त्यांनी काठ्या खाल्ल्या. कायद्याने मरण थांबले नाही, त्याची किंमत तेवढी शून्य झाली.

सगळे खापर एकट्या कायद्यावर फोडणे मात्र लबाडीचे होईल. त्याच काळात मराठवाड्यात लागोपाठ दुष्काळ पडले, ट्रॅक्टर वाढले, सालगडी मिळेनासा झाला. बैल कमी होणारच होते. प्रश्न वेगळा आहे. काम गेल्यावरही एखादी जात टिकवायची असेल तर तिला दुसरा कुठला तरी उपयोग हवा, आणि तो उपयोग शेतकऱ्याच्या खिशापर्यंत पोचायला हवा. पश्चिम महाराष्ट्रातल्या खिल्लारचे उदाहरण घ्या. शर्यती बंद होत्या तोवर खिल्लार खोंडाला कुणी विचारीत नव्हते. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना वाट मोकळी करून दिली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती पक्की केली, आणि शर्यतीच्या खोंडाला पुन्हा मागणी आली. त्या जातीला ना परिपत्रकाने वाचवले ना सत्काराने. गिऱ्हाईक आले, म्हणून गोठा भरला. आपल्या कंधारीला शर्यतीचे गिऱ्हाईक नाही. तिचे गिऱ्हाईक कोण?

इथे मी एका अवघड विषयाला हात घालतो. वाचून कुणाचा जीव दुखावला तर त्याने बैठकीत उभे राहून बोलावे.

आंध्रच्या किनाऱ्यावरची ओंगोल ही जात. एकोणिसाव्या शतकात तिची जनावरे जहाजाने ब्राझीलला गेली. नेल्लोर जिल्ह्याच्या नावावरून तिथे तिचे नाव पडले 'नेलोर'. शेवटची मोठी आयात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला झाली. आज ब्राझीलमध्ये वीस कोटींहून अधिक गुरे आहेत. त्यातली बहुसंख्य आपल्या वशिंडाच्या जातींची, आणि त्यात सर्वांत जास्त नेलोर. ती बहुतेक मोकळ्या कुरणात, गवतावर वाढतात आणि मांसासाठी वाढतात. जगात सर्वाधिक गोमांस निर्यात करणाऱ्या देशाचा धंदा आपल्या ओंगोलच्या पाठीवर उभा आहे. तिथल्या व्हियाटिना-१९ नावाच्या एका नेलोर गाईची किंमत २०२३ मध्ये चाळीस लाख डॉलरच्या वर धरली गेली. जगातली सर्वांत महाग गाय म्हणून तिची नोंद झाली. दक्षिण महाराष्ट्रातल्या संस्थानिकांच्या काळी तयार झालेल्या 'कृष्णा व्हॅली' जातीचे रक्त अमेरिकेतल्या ब्राह्मण गुरांत आहे. इथे कृष्णाकाठी ती शोधावी लागते. जिथे आपल्या जातीची पूजा होत नाही तिथे ती कोटींनी आहे, आणि जिथे आरती होते तिथे ती मोजायला माणूस पाठवावा लागतो. याचा विचार करायचा की नाही?

ब्राझीलची नक्कल करा असे मी म्हणत नाही. तिथे जंगले तोडून कुरणे केली, ती चूक जगाला भोवते आहे. आपल्याकडे तेवढी जमीनही नाही. पण शेतीशास्त्राचा विद्यार्थी म्हणून एक सांगतो. अमेरिकेत गुरांना शेवटचे काही महिने कोंडून मका चारतात. आता तिथलेच गिऱ्हाईक गवतावर वाढलेल्या जनावराच्या मांसाला जास्त पैसे मोजते. गवतावर, कडब्यावर, खुराकाशिवाय अंग धरणे हे तर आपल्या कंधारीचे अंगचे वाण आहे. गोचिडाला ती दबत नाही, उन्हात रवंथ करत उभी राहते. इसापूर धरणाच्या वरच्या माळांवर मारवेल, पवन्या अजून उगवतो. कुसळीसुद्धा कुसळ धरण्याआधी चारली तर चांगली वैरण आहे. आपण ती वाळू देतो आणि मग पेटवतो. गायरान राखून, आळीपाळीने चारून, तीन-चार वर्षे गोऱ्हा वाढवायचा. त्यातले निवडक वळू आणि कामाला ठेवायचे, बाकीचे विकायचे. असे झाले तर कंधारीची गाय पाळणे परवडेल, आणि गाय परवडली तरच जात राहील. ब्रिटनमध्ये दुर्मीळ जाती वाचवायला १९७३ साली संस्था निघाली. त्या जातींच्या मांसाला गिऱ्हाईक मिळवून देणे हेच तिने वाचवण्याचे एक साधन मानले.

आज महाराष्ट्रात हे करणे गुन्हा आहे. हे पत्रक कुणालाही कायदा मोडायला सांगत नाही. कायदा बदला, असे सांगते.

आक्षेप येतात, त्यातला एक मोलाचा आहे. महात्मा फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये गोऱ्या लोकांच्या खाण्यासाठी गाई-बैल मारले जातात आणि शेतकऱ्याला बैल मिळत नाही अशी तक्रार केली आहे, मग तुम्ही उलटे कसे बोलता? उलटे नाही. त्या काळी बैल हे शेतीचे एकमेव यंत्र होते आणि ते शेतकऱ्याच्या हातून जात होते. फुले शेतकऱ्याच्या बाजूने बोलले. आज बैल गोठ्यात आहे, त्याला काम नाही, आणि त्याच्या वैरणीत शेतकऱ्याचे घर बुडते. बाजू तीच आहे, रान बदलले. गाय हा उपयुक्त पशू आहे, असे सावरकरांनीही लिहून ठेवले आहे. त्यांचे नाव घेणाऱ्यांनी तेवढे पान उघडून पाहावे.

दुसरा आक्षेप भावनेचा. भावना मलाही आहे. वडिलांनी शेवटची जोडी विकली तेव्हा आईने बैलांच्या पायावर पाणी घातले, कुंकू लावले आणि ती आत गेली. व्यापारी जाईपर्यंत बाहेर आली नाही. त्या रात्री कुणी नीट जेवले नाही. पण विकायचे की नाही हे त्या घराने ठरवले होते. ज्याला आपला बैल मरेपर्यंत सांभाळायचा असेल त्याने सांभाळावा, आम्ही त्याच्या पाया पडू. त्याची भावना माझ्या दावणीला बांधून तिची वैरण माझ्याकडून वसूल करू नये, एवढेच म्हणणे आहे. राज्यघटनेच्या ४८ व्या कलमाचा दाखला नेहमी दिला जातो. त्यात गोहत्याबंदीचे शब्द आहेत हे खरे. पण त्याच कलमात पशुपालन आधुनिक आणि शास्त्रीय पद्धतीने करावे, जाती जतन कराव्यात आणि सुधाराव्यात, असेही लिहिले आहे. त्या अर्ध्या कलमाची आठवण कुणाला होत नाही.

आपली मागणी साधी आहे. बैल आणि वळू यांच्यासाठी १९७६ च्या कायद्यातली दाखल्याची पद्धत परत आणा. ते करायची हिंमत नसेल तर कामातून उतरलेले प्रत्येक जनावर सरकारने त्या दिवशीच्या बाजारभावाने गोठ्यातून विकत घ्यावे आणि हवे तिथे पोसावे. तेही नको असेल तर गोशाळेला मिळतात ते रोजचे ५० रुपये शेतकऱ्याच्या खात्यात, दर जनावरामागे, बैलासुद्धा. आणि कायद्यात बसणारे जनावर, मग ती म्हैस असो की कामाचा बैल, बाजारातून नेताना रस्त्यात कुणी अडवले तर अडवणाऱ्यावर गुन्हा नोंदवा. या शेवटच्या मागणीला तर विधानसभेत ठराव लागत नाही, पोलीस ठाण्यातली वही लागते.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावच्या पाईकाने एक कागद भरून आणावा. गावात लाल कंधारी आणि देवणी गाई किती, त्यांच्यापासून गेल्या तीन वर्षांत झालेले गोऱ्हे किती, आणि त्यातले आज दावणीला किती. विकले असतील तर कोणत्या बाजारात, काय भावाने. मेले किंवा सोडून दिले असतील तर तसेच लिहावे, लाजू नये. कुणाचे नाव लिहायचे नाही, फक्त आकडे. गायरान किती होते, किती उरले, तेही मागच्या बाजूला लिहावे. कागद एकत्र करून तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या शास्त्रज्ञांपुढे आणि मग जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवायचे आहेत. तो टेम्पोवाला शेतकरीही बैठकीला येतो म्हणाला आहे. बैल अजून त्याच्याकडेच आहे.